डावीकडचा लाईट

११ नोव्हेंबर, सोमवार

आज पहाटे आई बाबांच्या ट्रकमध्ये चढली.

वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. जिला एसटीत मळमळतं, जी लिंबू हुंगल्याशिवाय पारशिवनीला माहेरी जात नाही, ती माझी आई पदर कमरेला खोचून, क्लीनरच्या बाजूचा दांडा धरून वर चढली आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी दात घासत होते. ब्रश तोंडात तसाच ठेवून फाटकापर्यंत पळाले.

"आई, तू कुठं जाऊन राहिली?"

"तुझ्या बाबासंगं."

"कायले?"

"धोंडबा सोडून गेला न. मागंपुढं पाहायले कोणी पाहिजे."

बाबांनी हॉर्न दिला आणि गाडी गेलीसुद्धा. खापरखेड्याच्या कारखान्यांवरून राखेच्या विटा भरायच्या आणि नागपुरात बांधकामावर टाकायच्या, हे बाबांचं काम. दिवसा शहरात मोठ्या गाड्यांना बंदी, म्हणून अंधारातच निघावं लागतं. इतकी वर्षं धोंडबाकाका क्लीनर होते. दिवाळी झाली आणि त्यांनी एकाएकी काम सोडलं. परवा भाजीबाजारात भेटले तर माझ्याकडे बघेनात.

"काका, काहून सोडलं? भांडण झालं का बाबांशी?"

"नाही वं पोरी. वय झालं आता." पन्नाशीचा माणूस! मग म्हणाले, "नानाजीले म्हण, दिवसाचं काम पाहा."

एवढं बोलून निघून गेले. मला राग आला. बाबांनी त्यांना भावासारखं वागवलं होतं.

शेजारची काकू फाटकाशी येऊन म्हणाली, "म्हातारपणी दोघं फिरायले निघाले वं!" मीही हसले.

१७ नोव्हेंबर, रविवार



वर्कशॉपची नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं तेव्हा बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. पोरीच्या जातीनं गाड्यांखाली कायले शिरावं, हे त्यांचं म्हणणं. आयटीआयच्या वेळीही तेच म्हणाले होते. "कामिनी ऑटो लाईट्स" हा बोर्ड लागला तेव्हा त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. आणि गिऱ्हाईकं तरी कोणती? स्कूटीचा हॉर्न, मोपेडचा इंडिकेटर. ट्रकवाले बोर्ड वाचतात, मला पाहतात आणि पुढे जातात.

आज दुपारी बाबा दुकानात आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माझ्या गाडीचे लाईट लय मंद झाले. तुले थो नवा पांढरा लाईट बसवता येते का?"

"एचआयडी?"

"जो काय असन थो. सगळ्यात तेज पाहिजे."

मी हो म्हणायच्या आधी मान वळवून डोळे पुसले. हसू नका कोणी.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांना घेऊन सी. ए. रोडवर किट आणायला गेले. बसमध्ये त्यांना समजावत होते. जुन्या हॅलोजनमध्ये तार तापून उजेड पडतो. यात तार नसते. काचेच्या गोळीत गॅस असतो, बॅलास्ट नावाची डबी त्याला जोराचा झटका देते आणि तो पेटतो. आधी निळसर, मग जरा वेळानं पांढरा. बाबा हं हं करत होते.

दुकानदारानं फळीवरचे सगळे नमुने एकदम लावले. बाबा नाक लागेल इतके जवळ गेले आणि सगळ्यात निळ्यावर बोट ठेवलं. "हाच."

मी म्हटलं, "हा दिसायला तेज, बाबा. धुक्यात काही कामाचा नाही. थोडा पिवळट पांढरा घेऊ. आन् साध्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता बल्ब बदलायचा नाही, उजेड चौफेर फाकते. प्रोजेक्टर बसवू. पुढं भिंग असते, वरचा उजेड कापलेला असते."

"कापते काहून? मले सगळा पाहिजे."

"समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्याले रस्ता दिसत नाही."

बाबांनी निळ्यावरचं बोट काढलं. मग म्हणाले, "बरं. समोरच्याले दिसलं पाहिजे."

मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं! जाताना मात्र त्यांनी लाज आणली. दाराच्या डाव्या हाताला आरशांचा स्टँड उभा होता, त्याला सरळ जाऊन धडकले. दोन आरसे फुटले. भरपाई दिली ती दिली, वर दुकानदारालाच झापलं, "वाटेत सामान ठेवता काय?" स्टँड वाटेत नव्हता. मी खाली मान घालून उभी राहिले. बाबा असे नव्हते.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिला ट्रक! माझ्या हातचा पहिला ट्रक!

सकाळी बसले ती दिवेलागणीला उठले. ट्रकला दोन बॅटऱ्या, चोवीस व्होल्ट, कारचं किट लावलं तर जळून जाईल. दिव्यांना बॅटरीतून थेट करंट देणारा रिले वेगळा टाकला, वायरिंग वेगळं ओढलं, बॅलास्ट पाणी लागणार नाही अशा जागी घट्ट बसवले. बल्बच्या काचेला बोट लागू दिलं नाही. अंधार पडायला लागला तेव्हा समोरच्या गोदामाच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली, उजेडाची वरची कड कुठं यायला हवी ते बघायला. बाबा वर बसले. आईही तिच्या जागेवर जाऊन बसली. हल्ली ती जागा तिचीच झाली आहे.

"बाबा, चालू करा!"

उजवा पेटला. निळा, मग पांढरा, भिंतीवर कापल्यासारखी सरळ रेघ. डावा टक् झाला आणि मेला. मी डाव्या दिव्यासमोर अंधारात उभी होते. तेवढ्यात वरून बाबांचा आवाज, "वा, वा! दोन्ही कसे सारखे! दिवसच निघाला वं पोरी!"

काचेतून दिसलं, आईनं त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मग बाबा म्हणाले, "डावा जरासा मंद हाय का?"

"मंद? बंद हाय!" मी म्हटलं.

"माहीत हाय मले. तुझी परीक्षा घेऊन राहिलो होतो."

कनेक्टरची एक पिन आत बसली नव्हती. दाबली, लागला. पण सारखं मनात येतंय, माझं मन राखायला बाबा खोटं बोलले. मला वाईट वाटू नये म्हणून, बंद दिव्याला चालू म्हणाले. माझे बाबा!

२ डिसेंबर, सोमवार

माझं कुठंतरी चुकतंय.

बाबा रोज आल्यावर तेच सांगतात, "समोर बरं हाय. डावीकडं अंधार राहते." मंगळवारी मी डावा प्रोजेक्टर जरा बाहेर वळवला. अंधारच. गुरुवारी आणखी वळवला. अंधारच. शेवटी काल बंपरवर डाव्या कोपऱ्यात एक जास्तीचा दिवा बसवला, सरळ कडेच्या नालीवर उजेड पाडणारा. आज विचारलं तर म्हणाले, "हाव, थोडा फरक हाय." तो थोडा मला टोचला. मी स्वतः गाडीपुढे उभी राहून पाहिलं, कडेचं गवत मोजून घ्यावं इतका उजेड आहे. मग त्यांना का कमी पडतो? भिंतीवरचं माझं माप चुकलं का? रस्त्यावर गाडी लोड झाल्यावर मागून दबते, दिवे वर उठतात, ते मी धरलं होतं. पुन्हा धरून पाहीन.

डावा आरसा पुन्हा फुटलाय. उभ्या गाडीला कोणी ठोकलं म्हणे.

चांगली गोष्ट एकच. विटांच्या कारखान्याचे मालक मधुकरराव गाडी पाहून गेले. त्यांच्या दोन्ही टिप्परांना असेच लाईट लावायचेत. "नानाजी, पोरगी हुशार निघाली तुमची," म्हणाले. आईनं त्यांना चहा दिला आणि तशीच उभी राहिली, बाबांच्या डाव्या अंगाला. हल्ली ती कायम तिथंच असते.

१३ डिसेंबर, शुक्रवार

अपघात झाला. बाबा आई ठीक आहेत. ज्याला धक्का लागला तो सायकलवाला जिवंत आहे.

दहेगावच्या वळणाजवळ, पहाटे. माणूस झेंडूची फुलं घेऊन ऑटो स्टँडकडे चालला होता. मागून धक्का लागून नालीत पडला. खांद्याचं हाड मोडलं, हातही. मागच्या टेम्पोवाल्यानं दवाखान्यात नेलं. बाबा गाडी घेऊन परत आले तेव्हा डाव्या बंपरच्या फटीत झेंडूची फुलं अडकली होती. मी ती काढली. अजून बोटांना वास आहे.

हे एवढंच असतं तर. अंगणात माणसं जमली, मधुकररावही आले. कोणी विचारलं, नानाजी, झालं कसं? आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "लाईट गेले. दोन्ही एकदम गेले. पोरीनं लावले होते न, दगा देला."

मी आईकडे पाहिलं. आई खाली बघत म्हणाली, "हाव. गेले."

 सगळे माझ्याकडे पाहत होते. मधुकरराव चप्पल घालून निघून गेले. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. टिप्परांचं राहू द्या.

माझ्या हातानं एक माणूस मेला असता.

१४ डिसेंबर, शनिवार

सगळं उघडलं. फ्यूज ठीक, रिले ठीक. दोन्ही बॅलास्टही ठीक. अर्थिंगचा बोल्ट घट्ट. वायरिंग हलवलं, ओढलं, त्यावर पाणी मारलं. इंजिन चालू ठेवून कितीतरी वेळ दिवे लावले, बोनेटवर हातानं थापा मारल्या. एकदाही मिचकावले नाहीत.

दोन्ही एकदम जायला कारण एकच असू शकतं, रिले. तो बदलला. जुना रिले टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत बसले. त्याच्यात काही दोष नाही. दोष सापडला असता तर निदान रडता आलं असतं.

बाबा घरातून बाहेर आले नाहीत. मी उद्यापासून दुकान उघडणार नाही. परवा त्या माणसाच्या घरी जाऊन पाया पडणार.

१६ डिसेंबर, सोमवार

हे कसं लिहू ते कळत नाही. जसं घडलं तसं लिहिते.

त्यांचं नाव कृष्णकांत. घरामागं झेंडूचा तुकडा आहे. बायको, शोभाताई, एकटी फुलं तोडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मानेनं आत जायची खूण केली. ते खाटेवर होते, खांदा बांधलेला, हाताला प्लास्टर. मी खाली बसले आणि हात जोडले.

"दादा, थे लाईट मी लावले होते. ऐन वेळी बंद पडले. चूक माझी हाय, बाबाची नाही."

"बंद पडले?" ते उठून बसायला लागले. "कोण म्हणते बंद पडले?"

"बाबा."

"नाही बाई. माझी सावली पडली होती न रस्त्यावर."

मला कळलं नाही. त्यांनी चांगला हात पुढे लांबवला. "मी पायडल मारून राहिलो, तं मागून पांढरा उजेड आला. ट्यूबलाईटसारखा. माझी सावली माझ्यापुढं पडली, लांब, पार वळणापर्यंत, टोपल्यासगट. मी म्हटलं मोठी गाडी येऊन राहिली, तं कडेच्या मातीत उतरलो. गाडी बाजूनं जाते न, तवा सावली बाजूले सरकते. रोजचं हाय आपलं. थे सरकलीच नाही. सरळ तशीच राहिली, नुसती मोठी होत गेली. तवा मले समजलं, हा माझ्यावर येऊन राहिला."

"शेवटपर्यंत चालू होते?"

"मी नालीत पडलो तवाही चालू होते. फुलं कशी दिवसासारखी दिसत होती."

खरं लिहायचं तर आधी मला आनंद झाला. माझे लाईट चालू होते! छाती भरून आली. खाटेवर मोडका माणूस पडलेला आणि मी मनात उड्या मारत होते.

फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले. लाईट चालू होते. माणूस त्या उजेडात होता, डावीकडं, माझ्या तिन्ही दिव्यांच्या मधोमध. आणि बाबांना दिसला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज जेवताना मी पाण्याचा तांब्या मुद्दाम बाबांच्या डाव्या हाताला ठेवला. ताटाला लागून. पितळी, चकचकीत.

बाबांनी उजवीकडं हात फिरवला. मग समोर. "पाणी नाही देलं?"

मी तांब्याकडे पाहत राहिले.  आई ओट्याशी पोळी लाटत होती, मामाकडच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. बोलता बोलता ती वाकली, डावीकडचा तांब्या उचलला, उजवीकडं ठेवला आणि पुन्हा पोळी लाटायला लागली. तिचं वाक्यही तुटलं नाही. किती वेळा केलं असेल हे, की हाताला सांगावंही लागू नये.

मग तिनं वर पाहिलं. मी तिच्याकडेच पाहत होते. लाटणं थांबलं.

मागच्या अंगणात भांडी घासायला बसलो तेव्हा मी हळूच विचारलं, "कवापासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. डावा डोळा आधी. मग उजव्याचीही कड गेली. समोर दिसते त्यायले, बाजूचं नाही दिसत."

"डॉक्टर?"

"चष्मेवाला म्हणला, मोठ्या डॉक्टरले दाखवा. नाही गेले. मोठा डॉक्टर गाडी बंद करन म्हणे."

"म्हणून धोंडबाकाका..."

"त्यानं दोनदा ब्रेक मारायले लावला. मग म्हणला, मी नाही बसत, माझे लेकरं हाय. मग मी बसली." ती कढई घासत राहिली. "मी सांगत जातो त्यायले. डावीकडं सायकल हाय. डावीकडं बैल. पूल आला. माणूस चालून राहिला, थोडी उजवीकडं घ्या. तसंच जातो आम्ही नागपूरपर्यंत."

आम्ही हसलो होतो. शेजारची काकू आणि मी. दोघं म्हातारपणी फिरायला निघाले म्हणून.

"आई, थो मेला असता."

"मले माहीत हाय."

"मग माझं नाव काहून घेतलं? तू हाव म्हटलं! तू!"

तिनं हात धुतले. माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "दुकान काय, पुन्हा चालते वं. त्यायले दुसरे डोळे कुठून आणू?"

मी उठून आत आले. तिच्याशी बोलायची इच्छा नाही. तिला मिठी मारायचीही इच्छा आहे. दोन्ही खरं आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

काल बाबांना म्हटलं, डोळे दाखवून येऊ. त्यांनी ताट भिंतीवर फेकलं. तू जन्माले आली नव्हती तवापासून हे डोळे रस्ता पाहून राहिले, म्हणाले.

आज पहाटे इंजिनच्या आवाजानं मला जाग आली. धावत बाहेर गेले. गल्ली पांढरीफटक झाली होती, माझेच दिवे. बाबा वर बसलेले. हॉर्न वाजवला.

आई बाहेर आली. हातात डबा नव्हता. ती ओट्यावर बसली.

"अवं, चाल. उशीर होऊन राहिला."

"मी नाही येत."

"काय?"

"मी आता नाही येत, अजी."

"तं मी एकटा जाऊ?"

आई म्हणाली, "जा."

मी डाव्या चाकाशी उभी होते. बाबांनी गिअर टाकला. गाडी हातभर पुढे आली. मी बाजूला व्हायला हवं होतं. मी तिथंच उभी राहिले. ते माझ्यापासून पाच-सहा हातांवर होते, काच खाली होती, आणि त्यांना मी दिसत नव्हते. त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. इतका भ्यालेला माणूस मी कधी पाहिला नाही.

गाडी थांबली. इंजिन बंद झालं, दिवे गेले. ते तसेच स्टिअरिंग धरून बसून राहिले. कोंबडी बाहेर आली, दूधवाला येऊन गेला, ऊन पडलं. मग आईनं चहाचा कप वर नेऊन दिला आणि तिच्या जागेवर बसली. आतून एक शब्द ऐकू आला नाही.

ती "जा" म्हणाली यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आणि बाबा गेले असते तर?

२३ डिसेंबर, सोमवार

धरमपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरबाई. काचबिंदू.

एका यंत्रात तोंड घालायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं, अशी तपासणी. मी पडद्याबाहेर बसले होते. यंत्र टिक टिक करत होतं. बटणाचा आवाज येईना. मध्येच एकदा आला. मग पुन्हा कितीतरी वेळ नुसती टिक टिक. 

डॉक्टरबाईंनी कागद दाखवला. डावा डोळा जवळजवळ सगळा काळा. उजव्याच्या मधोमध लहानसं पांढरं भोक. "एवढ्यातून हे बघतात," म्हणाल्या, "नळीतून बघितल्यासारखं. गेलं ते येणार नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकवता येईल." गाडी? त्यांनी मान हलवली. सायकलही नाही.

"गाडी शेवटची कधी चालवली तुम्ही?"

बाबा म्हणाले, "मागच्या आठवड्यात."

"काय? मोपेड?"

"ट्रक."

त्या बाईंचा पेन हातातच राहिला.

हा आजार घराण्यात उतरतो म्हणे. माझेही डोळे तपासले. सध्या ठीक आहेत, दरवर्षी दाखवायचे. मी हो म्हटलं. माझ्या डोक्यात शिरलंच नाही ते. मला एकच गोष्ट खात होती. मी आठवडाभर दिवा वळवत बसले. आणखी बाहेर, आणखी बाहेर. एकदाही दिव्यामागच्या माणसाकडे पाहिलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

बाबा आठवडाभर गप्प होते. आज सकाळी अंघोळ करून पांढरा सदरा घातला आणि म्हणाले, "चाला. त्या फुलवाल्याच्या घरी."

तिघं ऑटोनं गेलो. कृष्णकांत खाटेवर, शोभाताई दाराशी हार गुंफत बसलेली. बाबा उभेच राहिले.

"पोरीचे लाईट बरोबर होते," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. मलेच दिसत नाही. साल झालं."

मला वाटलं होतं, आता हे लोक म्हणतील, जाऊ द्या, तुम्ही कबूल केलं हेच खूप. शोभाताई उठली. तिच्या मांडीवरची फुलं सांडली.

"दिसत नाही? आन् ट्रक चालवत होता? आंधळा माणूस ट्रक चालवत होता? माझा नवरा मेला असता तं कोण्या तोंडानं आला असता इथं?"

बाबा खाली मान घालून उभे.

कृष्णकांत म्हणाले, "पण चालवत कसे होता तुम्ही? इतके दिवस?"

"मी दाखवत होती," आई म्हणाली. "मी बाजूले बसत होती. डावीकडचं मी सांगत होती."

शोभाताई तिच्याकडे वळली. "म्हणजे तुमाले दिसत होतं! तुमचे डोळे तं धड हाय न? मग हा एवढा माणूस, टोपल्यासगट, नाही दिसला तुमाले?"

मी हा प्रश्न आईला विचारलाच नव्हता. मला सुचलाच नव्हता.

आईनं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "माझा डोळा लागला होता."

"काय?"

"डोळा लागला. सैंपाक करून निघतो न रोज. घरी येऊन पुन्हा सगळं. त्या दिवशी गाडीत कसं गरम गरम लागलं. एक क्षण लागला असन. त्यायनं विचारलं, डावीकडं काही हाय का? माझ्या कानावर आलं. पण मले वाटलं मी सपनात ऐकून राहिली."

बाबांनी मान वर केली. त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते आईला शोधत होते, ती त्यांच्या डावीकडं उभी होती.

"तू म्हणली होती, समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला म्हणून दिसलं नाही," ते म्हणाले.

आई सांडलेल्या फुलांकडे पाहत होती.

शोभाताई तिच्याकडं पाहत राहिली. तिची बोटं झेंडूनं पिवळी झाली होती. नवरा खाटेवर पडल्यापासून तीच पहाटे एकटी फुलं तोडते, एकटीच बाजारात नेते. "रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "आता जा." माफ केलं की हाकललं, मला कळलं नाही. बहुतेक हाकललंच.

आम्ही निघालो. बाबा पुढे होते, घाईनं. मागून खाटेवरून कृष्णकांतांचा आवाज आला, "डावीकडं चौकट हाय, नानाजी."

बाबा थांबले. हातानं चौकट चाचपली आणि बाहेर पडले. ऑटोत ते लहान मुलासारखे रडले. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

३० डिसेंबर, सोमवार

काल परत येताना बाबा मधुकररावांकडे एकटेच आत गेले आणि तेच सगळं सांगून आले. मधुकररावांचा फोन काही आलेला नाही. न का येईना. ट्रकला ड्रायव्हर शोधायचा आहे. धोंडबाकाका सकाळी येऊन बसून गेले, बाबांचा हात धरून. त्यांच्यावर मी चिडून होते याची लाज वाटली.

ऊन पार अंगणाच्या मध्यावर आलं आहे आणि आई अजून उठलेली नाही.

माझ्या आठवणीत ती कधी कोणाच्या नंतर उठली नाही. बाबांनी चहा केला. साखर पडली की मीठ ते चाखून बघितलं, मग मला दिला. मी दुकानाचं शटर उघडायला निघाले तर बाबा म्हणाले, "थांब वं. आवाज होते." शेजारची काकू हाक मारत आली तर तिला फाटकातूनच परत पाठवलं. आता दाराशी खुर्ची टाकून बसले आहेत.

मी दोनदा आत जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून आले. मला भीती वाटली होती.

झोपली आहे. नुसती झोपली आहे.